मूळ अलीकडे, भोपळा पलीकडे

भांडार कार्यालय, सरकारी रुग्णालय
४ जून

विहीणबाई,

हे पत्र कार्यालयीन आहे, तरी कृपा करून घरच्यासारखं शांतपणे वाचावं.

सरकारने नवा नियम काढला आहे. सरकारी स्वयंपाकघरांत जे शिजतं त्याचा निदान चौथा हिस्सा आपल्याच जिल्ह्यात पिकलेला असला पाहिजे. शिवाय कुठली वस्तू कुठे पिकली, कोणी पिकवली, हे दर तिमाहीला मुख्यालयाला कळवायचं. गेल्या तिमाहीचा अहवाल मी प्रामाणिकपणे पाठवला. आमचे बटाटे येतात ते इतक्या लांबून की येईपर्यंत त्यांना कोंब फुटतात, आणि गाजरं त्याच्याही पलीकडून. ‘स्थानिक’ या रकान्यात आम्हाला भोपळा मिळाला. म्हणजे शून्य. खरा भोपळा मिळाला असता तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

तुम्ही भोपळे लावता असं सूनबाईकडून कळलं. सोबत अर्ज जोडला आहे. असाच अर्ज मी जिल्ह्यातल्या आणखी चार बागायतदारांना पाठवला आहे, तेव्हा यात नात्याचा काही संबंध नाही. उत्तर लेखीच द्यावं. फोनवर झालेलं बोलणं नोंदीत धरत नाहीत.

सूनबाई बरी आहे. चिरंजीव नेहमीसारखाच.

आपली,
भांडारप्रमुख
(व विहीण)


मळ्यावरून
११ जून

विहीणबाई, नमस्कार, नमस्कार!

पोरांच्या लग्नाला चार वर्षं झाली आणि तुमचं पहिलं पत्र आलं, तेही भोपळ्यासाठी. आमचे हे म्हणाले, “विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच.” यातला विळा कोण, ते मी विचारलं नाही. माझ्या अंगलटीकडे बघता विचारायची गरज नव्हती.

खरं सांगू? मी अजून रागावलेलीच होते. लग्नाच्या दिवशी तुम्ही हॉलमधल्या खुर्च्या मोजल्यात आणि सगळ्यांदेखत “दहा कमी आहेत” म्हणालात. बरं, खरंच कमी होत्या. म्हणून तर जास्त राग आला.

असो. अर्ज भरला आहे. ‘उत्पादनाचा उगम’ असं विचारलंय, तिथे ‘बी’ लिहिलं. ‘लागवडीची पद्धत’ इथे ‘वाकून’. ‘साठवणुकीची व्यवस्था’ म्हणजे काय ते कळेना, शेवटी खरं तेच लिहिलं, ‘पलंगाखाली’. कारण यंदा पीक असं काही सुटलंय की कोठीत पाय ठेवायला जागा नाही. रात्री कूस बदलली की खाली गडगडाट होतो.

भाव बाजारचाच लावलाय. नात्याचा संबंध नाही म्हणता ना? मग सूटही नाही.

नमुन्यादाखल एक भोपळा बसवाल्याबरोबर पाठवते आहे. त्याने त्याचं तिकीट मागितलं. मी अर्धं दिलं.

तुमची,
विहीण


भांडार कार्यालय
२० जून

विहीणबाई,

नमुना पोचला. नमुना म्हणजे ओंजळभर असतो असा माझा समज होता. तुमचा नमुना दोन शिपायांनी उचलून आणला. पुरवठादाराकडून आम्हाला भेटवस्तू घेता येत नाही, आणि हा नमुना आहे की भेट, हे ठरेपर्यंत तो माझ्या टेबलावर आहे. माझ्याकडे कामाला येणारा माणूस आता त्याच्या आडून बोलतो. काल मोठे डॉक्टर आले आणि मी खोलीत नाही असं समजून परत गेले.

अर्ज दुरुस्त केला आहे, सही करून पाठवा. उगम म्हणजे गाव आणि जिल्हा. पद्धत म्हणजे खत कुठलं घालता ते. ‘पलंगाखाली’च्या जागी मी ‘घरगुती कोठार’ असं सुचवलं आहे.

इतर चौघांपैकी एकाचंच उत्तर आलं. त्याचा भाव तुमच्यापेक्षा बराच चढा आहे. त्यामुळे नियमाप्रमाणे तुमचा अर्ज मंजूर करणं भाग पडलं. जुलैपासून दर सोमवारी टेम्पो यावा.

खुर्च्या बारा कमी होत्या. दहा नाही.

आपली,
भांडारप्रमुख
(व विहीण)


मळ्यावरून
१४ जुलै

विहीणबाई,

दोन सोमवार झाले. दोन्ही वेळा ह्यांच्या टेम्पोतून मी स्वतः आले, पण तुमचं दार बंद. शिपाई म्हणाला, माल उतरत असताना बाई पुरवठादाराला भेटत नाहीत. मी खिडकीतून हात हलवला. तुम्ही मान हलवलीत. त्याचीही नोंद केलीत का?

तुमचा मुख्य आचारी मात्र फार गोड माणूस. मला म्हणाला, “बाई, पुढच्या आठवड्यात भोपळा जरा कमी चालेल हं.” मी समजले. बिचारा संकोच करतोय. माणसाने एवढं भिडस्त असू नये. म्हणून या सोमवारी दुप्पट पाठवले.

आमचे हे विचारतात, तुमचं वजन कमी झालंय का. खिडकीतून तसं वाटलं म्हणाले. भोपळा खात जा.

तुमची,
विहीण


भांडार कार्यालय
२४ जुलै

विहीणबाई,

आचारी संकोच करत नव्हता.

गेल्या आठवड्यात त्याने सोमवारी भोपळ्याचं सूप केलं, मंगळवारी भोपळा भाजला, बुधवारी पावात घातला. गुरुवारी फळ्यावर नुसतं ‘पिवळी भाजी’ असं लिहून तो रजेवर गेला. हाडांच्या वॉर्डातल्या एका आजोबांनी कुबडीशिवाय चालून दाखवलं आणि घरी सोडा म्हणून हट्ट धरला. मोठे डॉक्टर खूश आहेत. इतक्या लवकर कोणाला चालताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

पण कागदावर आमचा स्थानिक हिस्सा चौथाईच्या किंचित वर गेला आहे. शून्यावरून एकदम एवढी झेप मुख्यालयाला खरी वाटेना. तपासनीस ५ ऑगस्टला तुमच्या मळ्यावर येत आहेत. भोपळे आपल्या जिल्ह्यातच पिकतात ना, एवढंच त्यांना बघायचं आहे. त्यांनी विचारलं तर खरं तेच सांगा. आणि कृपा करून थोडक्यात सांगा.

आपली,
भांडारप्रमुख
(व विहीण)


मळ्यावरून
६ ऑगस्ट

विहीणबाई,

बसून वाचा.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. राहिली म्हणजे मीच ठेवली होती. आमच्या मळ्याच्या कडेने ओढा जातो ना, तीच जिल्ह्याची हद्द. बी लावलं ते अलीकडे, आपल्याच जिल्ह्यात, देवाशपथ. पण वेलीला कुठे नकाशा वाचता येतो? ओढ्यावरच्या लाकडी पुलाला धरून ती पलीकडे गेली आणि तिकडे हातपाय पसरून बसली. पलीकडचा तुकडाही आमचाच, पण तो शेजारच्या जिल्ह्यात. तेव्हा मूळ अलीकडे आणि भोपळा पलीकडे, असा प्रकार आहे. काही अलीकडेही धरलेत, पण ते नारळाएवढेच.

तुम्ही लिहिलंत, खरं तेच सांगा. मी विचार केला, तपासनीस यायच्या आत पलीकडचे भोपळे अलीकडे आणले, तर खोटं बोलायची वेळच येणार नाही. ह्यांना म्हटलं, चला. हे म्हणाले, “माझी कंबर या कटात नाही.” मग मी एकटीच निघाले. पुलावरून उचलून नेणं जमेना, म्हणून पाण्यातून ढकलत आणायचं ठरवलं. भोपळा तरंगतो हे मला ठाऊक होतं. तरंगतो तो वाहतोही, हे तिथे गेल्यावर कळलं.

साहेब ठरल्या वेळेच्या आधीच आले. मी गुडघाभर पाण्यात, पदर खोचलेला, आणि तीन भोपळे ओढ्यातून निघालेले. माणूस मोठा सज्जन हो! बूट काढले, विजार वर केली आणि पाण्यात उतरले. दोन पकडले. तिसरा गेला. दुसरा पोटाशी धरून त्यांनी मला विचारलं, “बाई, हा भोपळा कुठला?”

हे काठावरून म्हणाले, “वेलीचा.”

“वेल कुठली?”

“मुळाची.”

“अहो, पण मूळ कुठे आहे?”

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. “सगळ्याचं मूळ ही आहे.”

साहेब हसले तेव्हा मला वाटलं, जिंकलं. वर नेलं, पाय पुसायला पंचा दिला, चहा दिला. वेल मुळापासून टोकापर्यंत दाखवली, काही लपवलं नाही. आणि निघताना सहज म्हटलं, “साहेब, आमच्या विहीणबाईंसाठी एवढं सांभाळून घ्या.”

त्यांचा चेहराच बदलला. “विहीणबाई? कोण विहीणबाई?”

मी काही चुकीचं बोलले का?

तुमची,
विहीण


भांडार कार्यालय
१२ ऑगस्ट

विहीणबाई,

होय.

तपासनिसांच्या टिपणात दोन शेरे आहेत. एक, माल दुसऱ्या जिल्ह्यातला असण्याची शक्यता. दोन, पुरवठादार ही भांडारप्रमुखांची नातेवाईक असून ते जाहीर केलेलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या नावापुढे हा पहिला शेरा.

आता तुम्हाला सांगते, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. मुख्यालयाला रुग्णालयांची स्वयंपाकघरं बंद करायची आहेत. स्थानिक हिस्सा भरला नाही की त्यांना निमित्त मिळतं. मग ठेकेदाराकडून बंद डब्यातलं जेवण येणार. ते इथे नुसतं गरम करायचं. आचारी, त्याच्या हाताखालच्या बाया, भांडी घासणारे, सगळे घरी. आचाऱ्याचं वय असं आहे की दुसरीकडे कोणी ठेवणार नाही. तो भोपळ्यावर चिडतो, पण रोज नवा प्रकार करून बघतो तो त्यासाठीच. तुमचे भोपळे धरले नाहीत तर हे सगळं या तिमाहीतच होईल.

हे तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण कार्यालयातल्या गोष्टी मी परक्यांना सांगत नाही.

दोन्ही प्रश्न मी मुख्यालयाला लिहून विचारले आहेत. ज्याचं मूळ इथे आणि फळ तिथे, तो माल कुठला? आणि विहीण ही नियमाप्रमाणे नातेवाईक आहे काय? उत्तर येईपर्यंत टेम्पो येऊ द्यावा. तुम्ही येऊ नये.

भांडारप्रमुख


मळ्यावरून
१७ ऑगस्ट

विहीणबाई,

चुकले. ओढ्यात उतरायला नको होतं आणि तोंड उघडायला तर त्याहून नको होतं.

आचाऱ्याचं आधी कळलं असतं तर मी हात बांधून बसले नसते. काल आजूबाजूच्या मळ्यांवर फिरून आले. एकाकडे गाजरं आहेत, दुसऱ्याकडे बटाटे, शेवटच्या घरी घेवडा. सगळे ओढ्याच्या अलीकडचे, मुळापासून शेंड्यापर्यंत. त्यांना तुमचे अर्ज हवेत. भरताना मी शेजारी बसेन, म्हणजे कोणी ‘वाकून’ लिहिणार नाही.

‘परक्यांना’ हा शब्द मी दोनदा वाचला. ह्यांना वाचून दाखवला नाही. लेकीलाही सांगितलं नाही.

विहीण


भांडार कार्यालय
९ सप्टेंबर

विहीणबाई,

आनंदाची बातमी. मुख्यालयाचं उत्तर आलं.

भोपळ्याबाबत त्यांनी कळवलं आहे की, ‘ज्या जिल्ह्यात मूळ, त्या जिल्ह्याचे फळ समजावे.’ तेव्हा तुमचे सगळे भोपळे स्थानिक ठरले.

दुसरं त्याहून बरं. नातेवाइकांची एक यादी नियमात दिलेली आहे. तिच्यात आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको, सासू-सासरे, मेहुणे, अगदी चुलत भावंडंही आहेत. विहीण नाही. ‘सबब सदर पुरवठादार नातेवाईक नसून त्रयस्थ व्यक्ती आहे. काहीही जाहीर करण्याची आवश्यकता नाही.’ माझ्या नावापुढचा शेरा काढून टाकला आहे.

दोन्ही प्रश्न आपल्या मनासारखे सुटले. शेजाऱ्यांसाठी अर्ज पाठवले आहेत.

आपली,
भांडारप्रमुख
(व विहीण)


मळ्यावरून
१५ सप्टेंबर

प्रति,
मा. भांडारप्रमुख

महोदया,

आपले पत्र पोचले. सदर पुरवठादार आपली कोणी लागत नाही, हे वाचून सदर पुरवठादाराला बरे वाटले नाही. आपल्याला मात्र आनंद झाला असे आपण पहिल्याच ओळीत कळवले आहे.

सदर पुरवठादाराने आपली एकुलती एक लेक आपल्या घरात दिली आहे. ती आपल्याला आई म्हणते. ती सदर पुरवठादारालाही आईच म्हणते. एकाच पोरीच्या दोन आया एकमेकींच्या कोणीच लागत नाहीत, हे ज्या साहेबांनी ठरवले त्यांना मूल झालेले नसावे. पण त्यांचे राहू द्या, ते साहेब आहेत. आपण तरी ‘बरं’ म्हणायला नको होते.

भोपळे, गाजरे, बटाटे व घेवडा येत्या सोमवारी वेळेवर पोचतील. टेम्पोबरोबर सदर पुरवठादार येईल, कारण त्रयस्थ व्यक्तीला यायला बंदी नसावी. मात्र खिडकीकडे पाहणार नाही.

कळावे.

सदर पुरवठादार


भांडार कार्यालय, तळमजला
१४ ऑक्टोबर

विहीणबाई,
(खाट क्रमांक सहा, हाडांचा वॉर्ड, दुसरा मजला)

तुम्ही वर, मी खाली, आणि तरी पत्र लिहिते आहे. या तीन आठवड्यांत मी वर का आले नाही, ते तुम्हाला समजलं पाहिजे.

त्या सोमवारी तुम्ही माझ्या खिडकीकडे न बघण्यासाठी मान इतकी वळवलीत की टेम्पोची पायरीच चुकलात. मी बघत होते. त्यानंतर तुम्हाला इंजेक्शन दिलं, त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत नसेल. पोरं दोघंही परगावी होती. व्याही टेम्पोच्या मागे धावत होते, कारण ब्रेक लावायचा राहिला होता आणि तो आचाऱ्याच्या दारात निघाला होता. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, “पेशंटचे नातेवाईक कोण?”

मी म्हटलं, “मी.”

“काय नातं?”

“विहीण.”

तिने लिहून घेतलं. कुठलीही यादी काढून बघितली नाही. पाय दोन ठिकाणी मोडला होता, ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. ती मी केली. माझ्या सहीत आजवर कधी फरक पडलेला नाही. त्या दिवशी बँकेनेही ती ओळखली नसती.

मग खाली येऊन बसले. समोर तिमाहीचा अहवाल होता. ‘पुरवठादाराशी नाते असल्यास लिहावे.’ मुख्यालय म्हणतं, नाही. पण एकाच इमारतीत तुम्ही दुसऱ्या मजल्यावर माझ्या नातेवाईक आणि तळमजल्यावर त्रयस्थ, अशा दोन सह्या एकाच दिवशी माझ्याने होईनात. मी ‘आहे’ असं लिहिलं. खाली यादीची दुरुस्ती सुचवली.

आज उत्तर आलं. यादी दुरुस्त होणार नाही. पण मीच जाहीर केल्यामुळे भाजीपाल्याची खरेदी माझ्याकडून काढली आहे. माझ्याकडे आता चादरी आणि उशा. तुमच्या मालाचं काय करायचं, ते मोठे डॉक्टर, आचारी आणि तपासनीस असे तिघं मिळून ठरवतील. निर्णय होईपर्यंत पुरवठादाराला खासगीत भेटणं योग्य नाही. म्हणून आले नाही. चौकशी मात्र रोज करत होते. लेखी.

त्या पत्राच्या पहिल्या ओळीत ‘आनंदाची’ लिहायला नको होतं. तो शेरा निघाल्याचा आनंद होता. नात्यातून तुम्ही निघाल्याचा नव्हता.

आपली,
विहीण


खाट क्रमांक सहा
१६ ऑक्टोबर

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मला रडू फुटलं. नर्सला वाटलं पाय दुखतोय. तिने गोळी दिली. आता नाही कसं म्हणायचं? घेतली.

तुमची इतक्या वर्षांची खुर्ची माझ्यापायी गेली हो. आणि मी इथे पडल्या पडल्या म्हणत होते की बाई तीन आठवड्यांत एक जिना चढली नाही! लेकीपाशीही बोलले. ती म्हणाली, “आई, त्या रोज रात्री घरी आल्यावर तुझ्या पायाचा कागद काढून वाचतात.” मला वाटलं, पोरगी सासूची बाजू घेतेय.

आता ऐका. काल तिघं साहेब माझ्या खाटेपाशीच आले. मला खाली नेता येईना, म्हणून बैठक इथेच झाली. तपासनिसांनी भाव ताडून पाहिले, कुठे खोट निघाली नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, जेवण चांगलं आहे, ते कधीमधी जेवतात. मग आचाऱ्याची पाळी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, तीन आठवडे तुम्ही माझ्या हातचं जेवताय. खरं सांगा.”

मी म्हटलं, “खरं सांगू? आजोबा का पळाले ते कळलं.”

तिघंही असे हसले की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी जागी झाली. शेवटी ठरलं ते असं. भोपळा निम्मा. बाकी गाजरं, बटाटे आणि घेवडा, सगळं आमच्या शेजाऱ्यांकडून. आचारी म्हणाला, “एवढं मिळालं तर मी कुठल्याही कागदावर सही करतो.” चौथ्या हिश्शाच्या वर जातंय म्हणे, आरामात. स्वयंपाकघर राहिलं, विहीणबाई! सगळी माणसं राहिली. जाताना तपासनीस वाकून हळूच म्हणाले, “तो तिसरा भोपळा खालच्या गावात सापडला. तिथल्या शाळेने आपल्या अहवालात ‘स्थानिक’ म्हणून लिहिला.”

तर निर्णय झाला. आता मला भेटायला कुठलाही नियम आड येत नाही. वर या. लेखी कळवते आहे, म्हणजे नोंद राहील.

तुमची,
विहीण


चादरी-उशांचं भांडार, तळमजला
१७ ऑक्टोबर

विहीणबाई,

चार वाजता येते.

त्याआधी एक कार्यालयीन बाब. आज नव्या कामाची पहिली मोजणी केली. नियमाप्रमाणे एका खाटेला एकच उशी. तुमच्या खाटेवर दोन निघाल्या. नर्स म्हणाली, पायाखाली घ्यायला म्हणून तुम्ही शेजारच्या रिकाम्या खाटेवरून ओढून घेतलीत. परत घेऊ का, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, राहू दे. आणि नोंदवहीत तसं लिहिलं आहे: ‘खाट सहा, एक उशी जास्त. नातेवाइकाला दिली.’

तुमची,
विहीण